उलाळ

काळबांड्यांच्या सुबोधचा पंख कुरियरने आला,
थर्माकोलात गुंडाळलेला, काळा, चार फूट रुंद,
सोबत चार बोल्ट. त्यातल्या एकाचे आटे गेलेले.

घाटंजीत माझं वेल्डिंगचं दुकान.
वखराची पास, ट्रॉलीचा हूक, फवाऱ्याचा दांडा
जोडत आले आजवर. मोटारीला पंख हा पहिलाच.
"ताई, हा लावला का गाडी रस्त्याले चिपकते."
"कोणत्या स्पीडले?"
त्याने गाण्याचा आवाज वाढवला.

डिक्कीचा पत्रा पापडासारखा.
ड्रिल आत गेलं तेव्हा सुबोधने डोळे मिटले,
भाचीचे कान टोचताना मिटले असतील तसे.
आतून मी ट्रॉलीची जाड पट्टी मारली.
वजन वाढलं साडेचार किलो.
बिलात ते लिहिलं नाही.

मग लोखंडी पाटावर खडूने हिशेब मांडला:
वेग दुप्पट, तर दाब चौपट.
चाळीसला अडीच किलो, म्हणजे एक बरं टरबूज.
ऐंशीला दहा.
एकशेवीसला चाळीस किलो नाही रे, बावीस-तेवीस,
अर्ध्या पोत्याच्या आत.
आणि पारव्याच्या रस्त्यावर खड्डे, शेळ्या, वाळत घातलेली तूर,
तिथे चाळीसच्या पुढे काटा सरकतो कधी?

"दिसते तं चांगली," तो म्हणाला.
हे खरं होतं. मी नाही म्हटलं नाही.

तरी वारा दिसावा म्हणून
एका बोंडाची सरकी काढून मी वाती वळल्या,
वीत-वीत लांब, मांडीवर, देवघरातल्यासारख्या,
आणि टेपने चिकटवल्या टपावर, काचेवर, पंखाच्या पोटाखाली.
नव्या चौपदरी रस्त्यावर तो मोटार हाकत होता,
मी शेजारून, धाकट्या दिराच्या मोटरसायकलवर मागे बसून.

टपावरच्या वाती आडव्या, शिस्तीत,
रांगेत बसवलेल्या पोरांसारख्या.
काचेवरच्या मात्र वेड्या झालेल्या,
एक वर, एक उलटी पुढे, एक नुसती थरथरत.
टपाच्या कडेला वारा गाडीला सोडून गेला होता
आणि पंख बसला होता नेमका त्या पोकळीत,
बिनपाण्याच्या विहिरीत मोट सोडल्यासारखा.

म्हणून मी पाय लांबवले. टपाच्या वर एक वीत.
आता चांगला वारा लागला. आता दाब आला खरा.
सुबोध परतला तो गप्प.
"शंभराच्या वर स्टेरिंग हलकं लागते, ताई.
हातात हाय का नाय, समजत नाय."

दौलत मडावी खासराच्या आसाला वेल्डिंग मारायला आले होते.
वीस वर्षं पटात जोड्या हाकलेला माणूस.
त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली,
समोरच्या चाकावर काठी टेकवली.
"ओढते कोण? हे का मांगचं?"
"समोरचं."
"मंग मांगून दाबून राह्यला काऊन?
उलाळ होईन ना बावा.
ओझं मांगं गेलं का जू बैलाच्या मानेवरून उचलते,
बैल पळते, पण कायच्या जोरावर पळते?"

पेट्रोल लिटरला वीस जायची, ती सतरावर आली होती.
हे सुबोधने सगळ्यात शेवटी सांगितलं,
वडिलांना सांगू नका म्हणून.

पंख काढायला तो तयार नव्हता.
मीही आग्रह केला नाही; भोकं बुजवायची म्हणजे
पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग, पुन्हा हजार-बाराशे.
पाय कापले, पातं सपाट केलं,
जितका वारा आला तितका जाऊ दे म्हटलं.
पट्टी आत तशीच.

काल आठवडी बाजारात ती मोटार उभी दिसली,
पंखावर कुणाची तरी वांग्याची पिशवी ठेवलेली.
पोटाखाली माझी एक वात राहून गेली होती,
धुळीने विटकरी झालेली.
भर उन्हात वाऱ्याची एक झुळूक आली
आणि ती हलली, थोडी पुढे, थोडी मागे.
सुबोध भाव करत होता. त्याला बोलावलं नाही.
टेपचं एक टोक सुटलं होतं,
ते अंगठ्याने दाबून बसवलं.